सावर्ड्याचा अंधारा मॉनिटर

दुरुस्तीच्या दुकानात लोक वस्तू ठेवून जातात आणि त्यातल्या निम्म्या परत न्यायला येत नाहीत. नझीरच्या दुकानाचा माळा अशा वस्तूंनी भरला होता. किस्स्यांचंही तसंच झालं. कोणीतरी काहीतरी सांगून जायचा, ते तिथेच राहायचं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला आम्ही ते जरा पुसूनबिसून दाखवायचो. बरेचसे आज सांगता येण्यासारखे नाहीत, कारण त्यातली माणसं रोज बाजारात भेटतात. पण एका मॉनिटरभोवतीचे जे किस्से आहेत ते सांगतो. त्यातल्या कोणाला राग येईल असं वाटत नाही, आणि ज्यांना आला असता ते आता नाहीत.

साल दोन हजार पाच-सहाच्या आसपासचं असेल. नझीरचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान रत्नागिरीत, राजिवड्याकडे जाणाऱ्या वाटेवर. मी टेलिफोन खात्यात. शशी जाधव पालीच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचा आणि संध्याकाळच्या एसटीने उतरला की घरी जायच्या आधी दुकानात यायचा. आम्ही तिघे बारावीपर्यंत एकत्र होतो. चौथे हसनचाचा. ते दुकानाच्या मागच्याच घरात राहायचे. सगळी हयात जहाजावर गेलेली, सारंग म्हणून रिटायर झालेले. सारंग म्हणजे खलाशांचा प्रमुख. डेकवर पन्नास माणसं आवाजावर चालवलेला माणूस आमच्या बाकड्यावर बसून चहा गार होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही.

*

एकदा चाचांनी निरोप पाठवला की टीव्हीचा मध्य गेलाय.

नझीरने जाऊन विचारलं, "मध्य म्हणजे काय गेलं?"

"मध्ये काळा डाग पडतोय. कडेचं सगळं नीट दिसतं."

नझीरने टीव्ही दुकानात आणला. चार दिवस बेंचवर चालू ठेवला. डाग नाही, लाईन नाही, काही नाही. आता नझीरचा एक नियम होता. गिऱ्हाइकाला "काही झालेलं नाही" असं कधी सांगायचं नाही, माणसाला उगीच खोटं पडल्यासारखं वाटतं. त्याने आतली धूळ काढली, एक बटण बदललं आणि टीव्ही पोचवला. दुसऱ्या दिवशी चाचा दारात उभे.

"डाग तसाच हाय रे."

शशी तेवढ्यात पालीहून आला होता. पिशवी खांद्याला तशीच. तो चाचांच्या समोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "चाचा, माझं तोंड दिसतंय का तुम्हाला?"

चाचांनी त्याच्याकडे नीट बघितलं. बराच वेळ बघितलं.

"कान दिसतायत तुझे," ते म्हणाले. "दोन्ही दिसतायत." मग जरा थांबून म्हणाले, "म्हंजे टीव्ही बरा हाय."

आम्ही त्यांना मिरजेला नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्यांनी कागदावर डोळा काढून समजावलं. डोळ्यामागच्या पडद्याचा मधला भाग सुकत चाललाय, सुकलेलं परत येत नाही. कडेची नजर अजून आहे, पण तीही किती दिवस टिकेल सांगता येत नाही. तोवर मोठं आणि भरपूर उजेडाचं असेल ते थोडंफार दिसेल. मी विचारलं औषध काय. त्या म्हणाल्या, टॉर्च जवळ ठेवा.

परत येताना आंबा घाट उतरलो. साखरप्याला गाडी थांबली तेव्हा चाचांनी विचारलं, "मोठं म्हंजे केवढं?"

ते कोणी विचारलंच नव्हतं.

*

त्यांना काय बघायचं होतं ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचा मुलगा अस्लम दोह्याला होता. विशीच्या आत गेला तो एकदाही परत आला नव्हता. आधी कंपनीने पासपोर्ट अडकवला, मग कंपनी बुडाली, मग दुसरीकडे लागला तिथे रजा नाही. लग्नसुद्धा तिकडेच झालं. मुलगी मंडणगडकडची, पण तिचे आईवडील दोह्यालाच राहणारे. निकाह चाचांनी फोनवर ऐकला होता. व्याह्यांची आणि त्यांची कधी गाठ पडली नाही. नात झाली, सना, ती आता सहा-सात वर्षांची होती आणि तिलाही त्यांनी बघितलेलं नव्हतं.

अस्लम दर चार-सहा महिन्यांनी येणाऱ्या कोणाबरोबर तरी सीडी पाठवायचा. कॅमेरा त्याच्याच हातात, त्यामुळे तो स्वतः कधी दिसायचा नाही, नुसता आवाज. घरी टीव्हीवर सीडी लावायची, चाचा पुढे बसायचे आणि चाची सांगायची. आता धावते. आता पडली. आता उठली, हसते.

एक दिवस चाचा दुकानात येऊन म्हणाले, "नझीर, दोह्याला कपडा फार महाग हाय काय रे?"

"का हो?"

"इतक्या सीड्या आल्या, पोरगी एकाच फ्रॉकात. गुलाबी."

नझीरने सीड्या मागून घेतल्या आणि दुकानात लावून बघितल्या. हिरवा, पिवळा, निळा, सगळे रंग होते. त्याने चाचीला हळूच विचारलं. चाची भांडी विसळत होती. तिने वरही बघितलं नाही.

"पोपटी सांगितला तर विचारतात, कसला पोपटी? कैरीसारखा की केळीच्या पानासारखा? मला नाय सांगता येत. गुलाबी म्हटलं की त्यांचं भागतं."

चाचांनी त्या काळात आम्हाला एकदाच काही मागितलं. बाकड्यावर बसले होते, हातात कप होता. म्हणाले, "मला बाकी काय नको. पोरीचा चेहरा एकदा बघायचाय. मग मध्य गेला काय आणि कड गेली काय."

नझीर उगीच रेडिओ उघडून बसला.

*

आयडिया शशीची. त्याने सायबर कॅफेत बसून कुठल्यातरी परदेशी पोरांचं लिखाण वाचलं होतं. एलसीडी मॉनिटर घ्यायचा, तो पातळ, तेव्हा नवीन निघालेला. त्याच्या मागचा दिवा काढून टाकायचा. मग नुसती काच उरते, तिच्यातून आरपार उजेड जातो, आणि चित्र त्या काचेतच उमटतं. ती काच शाळेतल्या ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायची. म्हणजे ती खालून झगझगीत उजेड मारणारी पेटी, वर दांड्याला आरसा. झाला सिनेमा. भिंतीएवढा.

"चेहरा दाराएवढा होईल," शशी म्हणाला. दोन्ही हात पसरून त्याने दार दाखवलं.

नवा तयार प्रोजेक्टर तेव्हा आमच्या तिघांच्या पगारात बसणारा नव्हता. ओव्हरहेड प्रोजेक्टर मात्र शशीच्या शाळेत होता. सरकारकडून आलेला, कपाटावर ठेवलेला, वर कोणीतरी तुळशीच्या लग्नाचा अंतरपाट घडी करून ठेवलेला. शशीने हेडमास्तरांना सगळं खरं सांगितलं. हेडमास्तर भले माणूस. त्यांनी चाचांची चौकशी केली, हळहळले, आणि मग एकदम काळजीत पडले.

"न्या, पण चालू आहे असं इकडे कोणाला कळू देऊ नका."

"का सर?"

"आपण दरवर्षी नादुरुस्त लिहून पाठवतो. चालू निघाला तर मला त्यावर शिकवावं लागेल."

शशी म्हणाला, नाही सांगत. एसटीच्या टपावर टाकून पोतं म्हणून आणला त्याने तो. कंडक्टरने विचारलं काय आहे, तर म्हणाला, नादुरुस्त आहे.

*

राहिला मॉनिटर. रत्नागिरीत तेव्हा एलसीडी बँकेत आणि एक-दोन डॉक्टरांकडे. जुना कोणी विकायला काढलेला नाही. नझीरने सगळ्या ओळखी लावल्या. शेवटी सावर्ड्याहून निरोप आला. तिथे कदम म्हणून होते, त्यांचा टायपिंग आणि कंप्युटरचा क्लास. मुंबईच्या भावाकडून त्यांनी एक एलसीडी आणला होता, शिकवायला नव्हे, टेबलावर ठेवायला. पालकांनी बघितलं की ॲडमिशन होते. मग तो बंद पडला. तरी कदमांनी तो तिथेच ठेवला होता, वर क्रोशाचा रुमाल घालून.

रविवारी आम्ही तिघे गेलो. नझीरने रुमाल बाजूला केला, मॉनिटर चालू केला. काळा ठिक्कर. मग त्याने खिशातून टॉर्च काढला आणि काचेवर तिरका धरला. आत एकदम फिकट, पाण्याच्या तळाशी असावं तसं, चित्र होतं. म्हणजे काच धडधाकट, नुसता मागचा दिवा गेलेला. आणि दिवा तर आम्हाला काढूनच टाकायचा होता! असा मॉनिटर मागून मिळाला नसता.

पण जुनी वस्तू घेतानाचा नझीरचा दुसरा नियम होता. आवडलं तर तोंड वाकडं करायचं आणि आठ दिवसांनी यायचं. त्याने तोंड इतकं वाकडं केलं की कदमांनाच वाईट वाटलं.

"अगदीच अंधारा आहे हो," नझीर म्हणाला. "बघतो. पुढच्या रविवारी येतो."

पुढच्या रविवारी आम्ही क्लासच्या दारात पाऊल टाकलं आणि टेबलावर मॉनिटर लख्ख पेटलेला. त्यात निळा समुद्र, नारळाची झाडं. कदम बाजूला हात बांधून उभे, घरात कार्य असल्यासारखे.

"तुम्ही अंधारा म्हणालात ते माझ्या मनाला लागलं," ते म्हणाले. "रत्नागिरीहून माणसं येणार आणि मी बंद वस्तू हातात देणार? चिपळूणला दोनदा नेला. नवीन दिवे टाकून घेतले."

दिव्यांचे पैसे अर्थात किमतीत चढले होते.

नझीर खुर्चीत बसला. कदमांच्या मिसेसनी कोकम सरबत आणलं, ते तो प्यायला. मग त्याने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, मॉनिटर पालथा घातला आणि तिथेच उघडला. नवे कोरे दिवे, खडूसारखे पांढरे आणि बारीक, अलगद काढले आणि कदमांच्या हातात ठेवले.

"हे तुमचे. आम्हाला नकोत."

कदम त्या दिव्यांकडे बघत राहिले. "मग तुम्हाला काय पाहिजे?"

"उरलेलं," नझीर म्हणाला.

आता हा माणूस आम्हाला हाकलणार असं मला वाटलं. शशीने मग मास्तरासारखं पहिल्यापासून सांगितलं. चाचा, मिरज, सीड्या, दार. कदमांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. ऐकून झाल्यावर ते आत गेले, जुनी गोधडी घेऊन आले, मॉनिटर तिच्यात गुंडाळला आणि सुतळीने बांधला.

"मग बंद म्हणूनच न्या," ते म्हणाले. "बंदाचाच भाव द्या."

क्रोशाचा रुमालही त्यांनी वर ठेवून दिला. तो आम्हाला नको होता, पण नको म्हणता आलं नाही.

*

काच बाहेर काढल्यावर कळलं की तिच्यावर एक खरखरीत पापुद्रा असतो, चकाकी मारायला लावलेला. तो राहिला तर भिंतीवरचं चित्र धुरकट येतं. काढायचा उपाय एकच. ओलं फडकं काचेवर घालून तासन् तास ठेवायचं, वाळू द्यायचं नाही, मग पापुद्रा सुटतो. पाणी कडेला मात्र उतरता कामा नये, नाहीतर काच गेली.

नझीरला गिऱ्हाइकं, मला ड्युटी, शशी शाळेत. चाचा म्हणाले, "मी बसतो."

आम्हाला धाकधूक होती. ज्याला दिसत नाही त्या माणसाच्या हातात ती काच कशी द्यायची? पण चाचा बसले. नझीरने घरातली पंच्याची पट्टी दिली. चाचा बोटांच्या टोकांनी कड चाचपायचे, पट्टी उचलायची, वाटीत बुडवायची, पिळायची, परत घालायची. एक थेंब कडेला गेला नाही. दुपार झाली, जेवायला उठले नाहीत.

नझीरची आई मागच्या दाराने आली. वाकून बसलेले चाचा, पुढे वाटी, हातात ओली पट्टी, एवढंच तिला दिसलं. ती घाबरली.

"कोणाला ताप आलाय?"

"अस्लमला," चाचा म्हणाले.

तिने नझीरकडे बघितलं. चाचांनी हात थांबवला नव्हता. पट्टी पिळत ते म्हणाले, "त्याला टायफॉईड झाला होता नाय काय, चौथीत होता तेव्हा. मी तेव्हा जहाजावर. त्याची आई एकटी बसली होती. माझी पट्टी ठेवायची राहिली होती."

संध्याकाळी शशी आला तेव्हा पापुद्रा एका तुकड्यात निघाला. शशीने काच उजेडाकडे धरली. तिच्यातून रस्त्यावरची माणसं स्वच्छ दिसत होती.

*

पहिली ट्रायल दुकानाचं शटर खाली ओढून घेतली. भर दुपारी, घामाने निथळत. प्रोजेक्टरच्या पेटीवर काच, काचेला दुकानातला कंप्युटर जोडलेला, समोर भिंतीवर चादर. काच पेटीपेक्षा बोटभर मोठी होती, चित्राच्या दोन कडा जात होत्या. त्याला इलाज नव्हता. नझीरने बटण दाबलं आणि चादरीवर रंग आले. शशीने माझा दंड धरला. मला वाटतं आम्ही तिघेही एकदम बोलत होतो, काय बोलत होतो ते आठवत नाही.

मग मधोमध एक काळा ठिपका आला. आधी रुपयाएवढा. बघता बघता ताटाएवढा झाला. कडेचं सगळं दिसतंय, आणि मध्ये नुसता काळोख.

काच गेली, एवढंच डोक्यात आलं. एवढी खटपट, सावर्ड्याच्या खेपा, चाचांची ती दुपार. कोणी बटणाकडेही जाईना. आणि नझीर म्हणाला, "आत्ता चाचांसारखं दिसतंय."

चाचा मागे बाकड्यावर होते, हे आम्ही विसरलोच होतो.

"कसं?" त्यांनी विचारलं.

नझीरने मान खाली घातली. शशीने सांगितलं. कड दिसते, मध्ये काळं आहे, आणि त्याच्या कडेला थोडं हलल्यासारखं होतं.

"हां," चाचा म्हणाले. "असंच." त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. इतके दिवस ते आम्हाला समजावत होते आणि आम्ही नुसती मान हलवत होतो.

काच गेली नव्हती. ती तापली होती. दिव्याच्या उष्णतेने असं होतं, थंड झाली की डाग जातो. बंद करून पंखा मारला आणि पाव तासात काच होती तशी झाली. मग नझीरने माळ्यावरच्या बेवारस कंप्युटरांतले पंखे काढून पेटीच्या चारी बाजूंनी लावले. आवाज पिठाच्या गिरणीसारखा यायचा, पण डाग परत आला नाही. चाचांनी दोनदा विचारलं, "पंखा मारून जातो काय डाग?" दोन्ही वेळा आम्ही पंख्याबद्दल सांगितलं, डोळ्याबद्दल नाही.

*

त्याच सुमाराला दोह्याहून नवीन सीडी आली. सनाच्या वाढदिवसाची. नझीरने आदल्या दिवशी दुकानात लावून बघितली, मी होतो, शशी होता. या खेपेला कॅमेरा अस्लमच्या हातात नव्हता, स्टुडिओवाला बोलावलेला दिसत होता. त्याने बोलण्याचा आवाज सगळा काढून वर वाजंत्री टाकली होती. फुगे, केक, टोपी घातलेली सना. आणि तिच्या शेजारी खुर्चीत एक माणूस बसलेला. डोक्यावर होते ते केस पांढरे, गाल आत गेलेले, शर्ट खांद्यावरून ओघळलेला.

नझीरने सीडी थांबवली.

"अस्लम आहे," तो म्हणाला.

अस्लम आमच्याच वयाचा, चाळिशीच्या आतला. नझीरच्या बाकावर बसायचा तो. मी स्क्रीनजवळ जाऊन बघितलं, मला काही ओळख पटेना.

"हात बघ," नझीर म्हणाला. "मांडीखाली घेऊन बसलाय. शाळेत असंच बसायचा. नाहीतर मीपण ओळखला नसता."

शशीचं म्हणणं पडलं की एवढा तुकडा पुढे ढकलावा. नझीर म्हणाला, सना सगळी त्याच तुकड्यात आहे, मग दाखवायचं काय? आम्ही चाचीला विचारायचं ठरवलं. ती सीडी तिने घरी बघितली होती, खुर्चीतला कोण ते तिला सांगावं लागलं नाही. चाची दुकानाच्या मागच्या दारात उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"लावा," ती म्हणाली. "पोरगी दिसूदे त्यांना."

माझ्या मावसभावाचं आंब्याच्या पेट्यांचं गोडाऊन होतं. सीझन संपलेला, रिकाम्या पेट्या छतापर्यंत रचलेल्या, खिडकी एकही नाही, भर दुपारी आत डोळ्यात बोट घातलं तरी कळू नये. मी एक भिंत चुन्याने रंगवून घेतली. लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून वेळ ठरवली. चाचा नवीन लेंगा-सदरा घालून आले, अत्तर लावलेलं, दाढी कोरलेली. चाची त्यांचा हात धरून होती. त्यांना आम्ही भिंतीपासून चार हातांवर खुर्ची दिली.

पंखे सुरू झाले. नझीरने सीडी लावली.

सना भिंतीवर आली. शशीने सांगितलं होतं तशीच, दाराएवढी. केकवरच्या मेणबत्तीकडे वाकलेला चेहरा, गाल फुगवलेले. मी चाचांकडे बघितलं तर त्यांनी तोंड फिरवलेलं. भिंत समोर आणि ते पेट्यांकडे बघतायत.

शशी घाईने म्हणाला, "चाचा, इकडे. भिंत इकडे आहे."

"गप रे मास्तर," चाचा म्हणाले. "सरळ बघितलं की जाते ती. अशी दिसते."

ते पेट्यांकडे तोंड करून बसले आणि डोळ्याच्या कडेने बघत राहिले. सना हसली. तिचं तोंड खिडकीएवढं उघडलं.

"पुढचा दात पाडलान काय गो तिनं?" चाचांनी विचारलं.

"होय," चाची म्हणाली.

"मला बोलली नायस."

"राहिलं सांगायचं."

"भुवया बघ. माझ्या आईच्या भुवया." त्यांचा आवाज बदलला होता. "बघ गो, तू तिला बघितली नायस, तू यायच्या आधी गेली ती. अशाच होत्या." ते रडत होते आणि हसतही होते, आणि डोळे पुसायला तयार नव्हते, कारण पुसताना ती गेली असती. नझीर कंप्युटरजवळ पाठमोरा उभा होता. मला स्वतःला त्या चुन्याच्या भिंतीकडे बघवत नव्हतं.

सना टोपी सारखी करत बाजूला झाली आणि खुर्चीतला माणूस सगळा दिसला. भिंतीवर तोही दाराएवढा. हात मांडीखाली.

नझीरने कीबोर्डवर हात ठेवला होता, पण दाबलं काही नाही.

"पोरीच्या बाजूला तो म्हातारा कोण गो?" चाचांनी विचारलं.

पंख्यांचा आवाज तेवढा चालू होता. चाची भिंतीकडे बघत होती.

"तिचे नाना असतील," ती म्हणाली. "मंडणगडवाले."

चाचांनी मान किंचित अजून फिरवली, जवळजवळ आमच्याकडे तोंड केलं आणि तसेच थांबले. मग खुर्चीचा हात धरून उठले. सदरा खाली ओढून सारखा केला. उजवा हात कपाळाशी नेला.

"अस्सलामु अलैकुम, व्याही," ते भिंतीला म्हणाले. "आमच्या अस्लमवर लक्ष असूद्या. पोर लहान हाय."